जुन्या पिकअप गाडीतील यांत्रिक व विद्युत्-दोषांचे निदान

प्रास्ताविक

खेड्यातील माल बाजारास नेण्याचे जे काम एके काळी बैलगाडीकडे होते, ते आज बव्हंशी 'पिकअप' या सुटसुटीत नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या मालमोटारीकडे आले आहे. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा, डिझेलवर चालणारे एंजिन आणि मागील आसाला पोलादी पाट्यांचा आधार, अशी तिची साधी रचना असते. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून मुंबईकडे जातो तो अशा गाड्यांतून, आणि गावोगावचे दूध, भाजी, खत व सिमेंट यांची ने-आण होते तीही अशाच गाड्यांतून. नवी गाडी घेणे पुष्कळांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून दुसऱ्याने पाच, आठ किंवा बारा वर्षे वापरलेली गाडी, बहुधा कर्ज काढून, विकत घेतली जाते.

अशा खरेदीत दोन गोष्टी पणास लागलेल्या असतात. पहिली म्हणजे खरेदीदाराचे भांडवल. गाडी ऐन हंगामात आठ दिवस उभी राहिली तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वाया गेलेल्या मालाचा भुर्दंडच अधिक बसतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दीड टन माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत जो दोष कोणाच्या ध्यानात आलेला नसतो, त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. यास्तव जुन्या गाडीतील दोष ओळखण्याची काही तर्कशुद्ध रीत आहे काय, आणि ती सामान्य खरेदीदारास समजेल अशी सांगता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण प्रथम देतो. एका बागायतदाराने बारा वर्षांची एक पिकअप घेतली. पहाटे तिचा 'सेल्फ', म्हणजे एंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, नुसती कण्हे, पण एंजिन फिरत नसे. बॅटरी जुनी झाली असे सांगून नवी बॅटरी बसविण्यात आली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून तो नव्याने बांधून घेतला. तरी दोष गेला नाही. पुढे मिस्त्रींनी एंजिन जाम होत असल्याची शंका काढली आणि एंजिन उघडण्याचा बेत ठरला. त्याच सुमारास अॅक्सिलरेटरची केबल जळाल्याचा वास येऊ लागला. या शेवटच्या लक्षणाचा अर्थ कोणी लावला नाही. तो काय होता हे पुढे योग्य ठिकाणी सांगू. येथे इतकेच नमूद करावयाचे की, या साऱ्या खटाटोपात कोणी कोणास फसविले नव्हते. चूक होती ती विचाराच्या पद्धतीत. लक्षण दिसताच एका कारणाची कल्पना करावी, त्या कल्पनेनुसार भाग बदलावा आणि गुण येतो का याची वाट पाहावी, ही ती पद्धत होय.

लक्षण, कारण आणि कसोटी

वैद्यकात ज्याप्रमाणे ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण मानला जातो, त्याचप्रमाणे धूर, आवाज, थरथर, मंद दिवा ही सारी लक्षणे आहेत. एकच लक्षण अनेक कारणांनी उत्पन्न होते, आणि एकाच कारणाची लक्षणेही अनेक असू शकतात. यामुळे लक्षणावरून एकदम कारणाकडे उडी घेणे धोक्याचे ठरते. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे कसोटी. ज्या प्रयोगाचा निकाल एका कारणाच्या बाबतीत एक आणि दुसऱ्या कारणाच्या बाबतीत वेगळा येतो, त्यासच खऱ्या अर्थाने कसोटी म्हणता येईल. भाग बदलून पाहणे हीही एक कसोटीच आहे. परंतु ती सर्वांत महाग असून तिचा निकाल पुष्कळदा संदिग्ध असतो.

कसोट्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात, हेही महत्त्वाचे आहे. प्रथम लक्षण नेमके ठरवावे. दोष एंजिन थंड असताना दिसतो की तापल्यावर, गाडी रिकामी असताना की भरलेली असताना, चढावर की उतारावर, या प्रश्नांच्या उत्तरांनीच निम्मी कारणे बाद होतात. त्यानंतर काहीही न उघडता, केवळ डोळे, कान, नाक व हात यांनी होणाऱ्या परीक्षा घ्याव्यात. त्यापुढे साध्या मापकयंत्राच्या परीक्षा येतात, आणि उघडझाप करून घ्यावयाच्या परीक्षा सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करावा हा नियम कधीही मोडू नये, कारण दोन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

थंड एंजिनाची साक्ष

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतरा-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअस वा त्याहूनही अधिक होते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. यावरून दिसून येईल की, एंजिन सुरळीत चालण्यास तीन गोष्टी अवश्य आहेत: हवेचा पुरेसा दाब, योग्य वेळी व योग्य प्रमाणात सूक्ष्म फवाऱ्याने येणारे इंधन, आणि पुरेशी स्वच्छ हवा. डिझेल एंजिनाचे बहुतेक रोग या तिहींपैकी एकीच्या उणिवेतून उद्भवतात.

तापलेले एंजिन आपले दोष झाकून ठेवते. थंड एंजिन ते उघड करते. म्हणून गाडी पाहावयास जाताना ती आधी सुरू करून ठेवू नये असे मालकास कळवावे, आणि गेल्यावर प्रथम बॉनेटला हात लावून पाहावा. ते कोमट लागल्यास परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. आधीच सुरू केलेली गाडी दोन कारणांनी संशयास्पद ठरते: एक तर ती थंडीत सुरू होण्यास कुरकुरत असावी, किंवा सुरू होताना तिने सोडलेला धूर दिसू नये अशी कोणाची इच्छा असावी.

सुरू करण्यापूर्वी वंगण व शीतक पाहून घ्यावेत. डिझेल एंजिनातील वंगणतेल बदलल्यावर अल्पावधीतच काजळीने काळे पडते, म्हणून काळेपणा हा दोष नव्हे. उलट अगदी सोनेरी तेल दिसल्यास ते नुकतेच बदलले आहे एवढेच सिद्ध होते, आणि ते का बदलले हा प्रश्न शिल्लक राहतो. तेलास दुधाळ, पिवळसर छटा असेल तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. तेलाची पातळी खुणेच्या वर असून त्यास डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात उतरत आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असणे हेही तितकेच अशुभ चिन्ह होय. रेडिएटरचे झाकण मात्र एंजिन थंड असतानाच उघडावे; तापल्यावर उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते व गंभीर भाजते.

धुराचे रंग

एंजिन सुरू झाल्यावर प्रथम पाहावयाचा तो धूर. त्याच्या तीन रंगांविषयी गॅरेजांत पुष्कळ ठोकताळे रूढ आहेत. ते बव्हंशी खरे असले, तरी प्रत्येक रंगास किमान दोन कारणे असतात, याचे भान त्यांत राहत नाही.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. हवेच्या मानाने इंधन अधिक झाले की तो दिसतो. येथे पहिला संशय नोझलवर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीवर घेण्याची प्रथा आहे. परंतु हवा कमी पडत असेल तरीही परिणाम तोच होतो. म्हणून आधी हवेची गाळणी काढून पाहावी आणि टर्बोपासून एंजिनाकडे जाणारी रबरी नळी कोठे चिरली आहे काय हे तपासावे. चिरलेली नळी भार वाढला की फुसकारते, आणि गाडी चढावर ओढत नाही. धुराचा काही भाग पुन्हा एंजिनात सोडणारी झडप काजळीने उघडी अडकल्यासही हेच घडते. हे सारे निर्दोष आढळल्यावरच नोझल काढावेत.

निळसर धूर म्हणजे जळणारे वंगण. दट्ट्याची कडी झिजली असतील, झडपांच्या दांड्यांवरील सील गेले असतील, किंवा टर्बोचा सील गळत असेल. यांत भेद करण्यासाठी एंजिन तापल्यावर मंद गतीने चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढून पाहावे. तेथून वाफेसारखा धूर जोराने व ठेक्यात बाहेर येत असेल, तर दट्ट्याच्या कडेने दाबाची हवा खाली निसटत आहे. यालाच मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. असे एंजिन लवकरच पूर्ण बांधावे लागेल असे समजून किमतीचा विचार करावा. याउलट तेथून धूर नाममात्र येत असून टर्बोच्या पुढील नळीत मात्र तेल साचले असेल, तर दोष टर्बोचा असण्याचा संभव अधिक, आणि त्याचा खर्च पुष्कळ कमी असतो. निळा धूर एकच, परंतु खर्चात इतके अंतर पडते. कसोटीचे मूल्य यातच आहे.

पांढरा धूरही दोन प्रकारचा असतो. थंड सकाळी पहिले एक-दोन मिनिटे दिसून नाहीसा होणारा धूर विशेष चिंतेचा नाही. तो टिकून राहिला व डोळ्यांस झोंबू लागला, तर ते न पेटलेले डिझेल होय. म्हणजे दाब कमी आहे, किंवा फवाऱ्याची वेळ चुकत आहे. तो न झोंबता किंचित गोडसर वासाचा असेल व शीतक वरचेवर भरावे लागत असेल, तर सिलिंडरच्या माथ्याखालील हेड गॅस्केट फुटून पाणी आत जात आहे. या दुसऱ्या शक्यतेची कसोटी अशी: थंड एंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून ते सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे असा निष्कर्ष निघतो.

आवाजाच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत एकेका नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल करून तो सिलिंडर क्षणभर बंद पाडतात. ज्या सिलिंडरच्या वेळी एंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच निकामी होता असे ठरते. युक्ती उत्तम आहे. परंतु तिने ठकठक आवाज थांबला म्हणजे भुजादंडावरील बेअरिंग झिजले, असा निर्णय देता येत नाही, कारण बिघडलेल्या नोझलचा आवाजही याच रीतीने थांबतो. येथे तापलेल्या एंजिनाचा तेलदाब मोजावा. तो खालावला असेल तर बेअरिंगविषयीचा संशय बळावतो. तो चांगला असेल तर आधी नोझल तपासून घ्यावेत. अलीकडच्या 'कॉमन रेल' पद्धतीच्या गाड्यांत मात्र ही चाकी कधीही सैल करू नये. तेथे इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असू शकतो, आणि त्याची सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते.

विद्युत्-मंडलातील दोष

यांत्रिक दोष डोळ्यांस व कानांस जाणवतात. विद्युत्-दोष अदृश्य असतात. म्हणूनच त्यांच्या बाबतीत तर्कापेक्षा भाग बदलण्यावर भर दिला जातो. वास्तविक येथे तर्क अधिक सोपा आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओम याने १८२७ मध्ये मांडलेला एकच नियम, म्हणजे प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका विद्युत्-दाब खर्ची पडतो हा, बहुतेक सर्व कोडी उलगडण्यास पुरेसा होतो.

आरंभीच्या उदाहरणाकडे आता वळू. सेल्फ एंजिन फिरविताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीपर्यंत व चासीपासून एंजिनापर्यंत जी जाड तार किंवा विणलेली पट्टी असते, ती प्रवाहाची परतीची वाट होय. गॅरेजात तिला 'अर्थिंग' म्हणतात. या वाटेवर गंजामुळे ०.०१ ओहम इतका क्षुल्लक रोध उत्पन्न झाला, तर २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तेथेच नष्ट होतात, आणि सेल्फच्या वाट्यास दुबळा दाब येतो. त्याच वाटेने ५ अँपिअर घेणारा दिवा लावला तर केवळ ०.०५ व्होल्ट कमी होतात, व दिवा लख्ख लागतो. 'दिवा चांगला लागतो, म्हणजे तारा ठीक आहेत' हा सार्वत्रिक समज किती फसवा आहे, हे या साध्या गणितावरून स्पष्ट व्हावे.

त्या बागायतदाराच्या गाडीत पूर्वी केव्हातरी क्लचचे काम झाले होते, व त्या वेळी एंजिन-चासी पट्टी पुन्हा जोडावयाची राहून गेली होती. एंजिन तर रबरी आधारांवर बसविलेले असते, आणि रबरातून वीज वाहत नाही. परतीची वाट खुंटल्यामुळे सेल्फचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या बारीक पोलादी केबलीतून वाट काढीत होता. ती केबल तापत होती, आणि वास येत होता तो याचाच. व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे एंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून कोणी सेल्फ मारला असता, तर जेथे ०.२ ते ०.३ व्होल्टांहून अधिक वाचन असू नये तेथे काही व्होल्ट दिसले असते, आणि निदान एका मिनिटात झाले असते. नवी बॅटरी व सेल्फची बांधणी या दोहोंपुढे त्या पट्टीची किंमत अगदीच नगण्य होती.

म्हणून विद्युत्-परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे. सेल्फ मारताना हा दाब साधारणतः ९.६ व्होल्टांच्या खाली जाऊ नये. दाब खाली कोसळत असेल, तर बॅटरी क्षीण आहे किंवा सेल्फ अतिप्रवाह घेत आहे. दाब वर राहून सेल्फ मात्र मंद फिरत असेल, तर दोष तारांच्या जोडांत किंवा सेल्फच्या आतील संपर्कांत शोधावा. एंजिन सुरू झाल्यावर सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते न दिसल्यास अल्टरनेटर उतरविण्यापूर्वी त्यास फिरविणारा पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे काय हे पाहावे. दोष विजेचा दिसतो, पण मूळ पट्ट्याच्या ताणात, म्हणजे यांत्रिक असते.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रारही नेहमीची आहे. किल्ली काढल्यावर घड्याळ, नियंत्रक इत्यादींसाठी जो प्रवाह चालू राहतो, तो साधारणतः ०.०५ अँपिअरच्या आत असावा. हौद्यावर नंतर बसविलेला ५ वॅटचा एखादा दिवा चालूच राहत असेल, तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो; दोन दिवसांत सुमारे २० अँपिअर-तास खर्ची पडतात, आणि आधीच दुबळ्या बॅटरीस तेवढे पुरे होते. बॅटरीच्या एका तारेत अँपिअरमापक जोडून एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजसरशी वाचन एकदम उतरते, त्या शाखेत दोष आहे. अँपिअरमापक जोडलेला असताना सेल्फ मात्र कधीही मारू नये. हॉर्न, शोभेचे दिवे, गाण्याचे यंत्र यांसाठी मागाहून ओढलेल्या तारा व त्यांचे चिकटपट्टी गुंडाळलेले जोड हे जुन्या पिकअपमधील दोषांचे मोठे आगर असते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकविलेला दिसल्यास तो आगीस दिलेला परवाना समजावा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तापमापकाचा काटा एकाएकी तांबड्या भागात जातो, आणि मालक रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप असे एकामागून एक बदलीत सुटतो. परंतु दिवे लावताच काटा वर चढत असेल व बंद करताच खाली येत असेल, तर तापले आहे ते एंजिन नव्हे. फलकाची अर्थिंग सैल झाली आहे. पाणी उकळू लागले की काटा चढतो हे खरे, पण काटा चढला म्हणजे पाणी उकळलेच असे नव्हे.

नियंत्रकाची भाषा

१ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज ६ ही उत्सर्जन-मर्यादा लागू झाली. तेव्हापासूनच्या आणि त्याच्या आधीच्याही पुष्कळ गाड्यांत इंधनाचे नियमन इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असते. हा नियंत्रक आढळलेले दोष सांकेतिक अंकांत नोंदवून ठेवतो, आणि वाचकयंत्र जोडले की ते वाचता येतात. ही सोय मोठी आहे. तथापि संकेत एखाद्या भागाचे नाव घेत असला, तरी तो भागच बिघडला आहे असे तो सांगत नाही. त्या मंडलाकडून अपेक्षित वाचन आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तार तुटली, जोड गंजला, की खरोखरच भाग निकामी झाला, हे पुन्हा कसोटीनेच ठरवावे लागते.

खरेदीदाराने दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. किल्ली फिरविताच फलकावरील एंजिनाचा सूचक दिवा लागला पाहिजे आणि एंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दोष लपविण्यासाठी दिवाच निकामी केला असल्याचा संशय घ्यावा. दुसरे असे की, नोंदी पुसून टाकल्या की नियंत्रकाच्या स्वयंपरीक्षाही पुन्हा आरंभापासून सुरू होतात. वाचकयंत्रावर दोष एकही नाही, परंतु बहुतेक स्वयंपरीक्षा अपूर्ण, असे दिसल्यास नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या असाव्यात, किंवा बॅटरी नुकतीच सोडली गेली असावी. अशा गाडीची परीक्षा काही दिवस चालवून झाल्यावर पुन्हा घ्यावी.

भार वाहणारे व थांबविणारे भाग

पिकअपचे आयुष्य तिच्यावर लादलेल्या भारावर ठरते. मीटरवरील किलोमीटरांपेक्षा चासी व पाटे यांची साक्ष अधिक विश्वसनीय असते, कारण मीटर मागे नेता येते, परंतु झिजलेले पेडल व वाकलेला पाटा मागे नेता येत नाही. समतल जागी गाडी उभी करून मागून पाहावे. ती एका अंगास कललेली असल्यास पाटा तुटला किंवा बसला आहे. पाटे चासीला जेथे जोडलेले असतात तेथे भेगा, वेल्डिंगचे डाग किंवा ताजा रंग आढळल्यास गाडी दीर्घकाळ अतिभाराखाली राबली आहे असे समजावे. टायर एकाच कडेने झिजला असेल, तर पुढील चाकांची बैठक बिघडली आहे. चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलविल्यास ढिलाई कळते. गाडी निघताना खालून 'टक्' असा आवाज येणे हे बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या जोडातील 'क्रॉस' झिजल्याचे लक्षण असते. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबताच एंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरत आहे.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा, ती ब्रेकची. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर द्रवात हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता ते हळूहळू खाली जात असेल, तर मुख्य सिलिंडर आतून किंवा एखादी नळी बाहेरून गळत आहे. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो व त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. सपाट रस्त्यावर ज्याची उणीव जाणवत नाही, असा जुना द्रव लांब उतारावर तापून उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी निर्जीव बनते. म्हणून द्रव केव्हा बदलला हे माहीत नसल्यास तो बदलणे हाच मार्ग.

यापुढील मुद्दा यांत्रिक व विद्युत् या दोन अंगांचा निकट संबंध दाखवितो. डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनाप्रमाणे पुरेशी निर्वात-शक्ती स्वतः उत्पन्न करीत नाही. म्हणून ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरसाठी स्वतंत्र निर्वात-पंप लागतो, आणि अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसविलेला असतो. अशा गाडीत पट्टा तुटला की फलकावर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. चालक म्हणतो, 'चार्जिंग गेले, घरी जाऊन पाहू'. वस्तुतः त्याच क्षणी ब्रेकचे साहाय्यही गेलेले असते. साठलेल्या निर्वातावर पेडल दोन-चार वेळा साथ देते आणि मग दगडासारखे कठीण होते. माल भरलेल्या गाडीने घाट उतरताना हा दिवा लागल्यास तो विजेचा नव्हे, तर जिवाचा इशारा मानून गाडी तत्काळ खालच्या गिअरमध्ये सुरक्षित थांबवावी. बूस्टरची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद असता पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून एंजिन सुरू करावे. पायाखाली पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर व पंप कार्य करीत आहेत. ते जराही न सरकल्यास गाडी रस्त्यावर नेऊ नये.

समारोप

वरील विवेचनाचा उद्देश प्रत्येक खरेदीदारास मिस्त्री बनविणे हा नाही. अनुभवी मिस्त्रींच्या कानास व हातास जे कळते, ते कोणत्याही लेखाने साधणार नाही. परंतु त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार व सामर्थ्य खरेदीदाराजवळ असले पाहिजे. 'हा भाग बदला' असे सांगण्यात आले की, 'दोष याच भागात आहे हे कोणत्या परीक्षेने ठरले?' एवढे नम्रपणे विचारावे. ज्यांनी परीक्षा घेतली आहे ते त्याचे उत्तर आनंदाने देतात. ज्यांनी घेतली नाही त्यांना ती घ्यावीशी वाटते.

खरेदीचा निर्णय करताना दोषांची वर्गवारी खर्चापेक्षा परिणामांवरून करावी. पट्टा, बॅटरी, अर्थिंग, हवेची गाळणी, नळ्या यांचे दोष किमतीत वजावट मागून स्वीकारण्यास हरकत नाही. झिजलेले दट्टे, फुटलेले गॅस्केट व घसरणारा क्लच यांच्या दुरुस्तीचा अंदाज आधी घेऊन मगच बोलणी करावीत. भेगाळलेली चासी मात्र कोणत्याही सवलतीने स्वस्त होत नाही. तेथून परत फिरणे श्रेयस्कर. ब्रेकचा दोष बहुधा दुरुस्त होण्यासारखा असतो, परंतु तो दुरुस्त होऊन त्याची परीक्षा होईपर्यंत त्या गाडीत माल भरू नये.

आपल्या त्या बागायतदाराची गाडी एका पट्टीच्या जोडणीने सुरू झाली. तोपर्यंत टोमॅटोचे दोन तोडे बांधावरच नासले होते. हे नुकसान गाडीच्या दोषाने जितके झाले, त्याहून अधिक त्या दोषाच्या चुकलेल्या निदानाने झाले. यंत्र आपली व्यथा सांगत असते. ती ऐकून घेण्याआधी औषध देण्याची घाई आपण करू नये, इतकेच या लेखाचे तात्पर्य आहे.